कोलेस्टेरॉल कुणाकडचं?

"दोनशे बासष्ट!" विद्युल्लताने रिपोर्ट नवऱ्यापुढे धरला. "नववीतल्या पोरीचं कोलेस्टेरॉल!"

उत्तमचं जव्हारच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. मीटर सोडून दुसऱ्या कशाच्या आकड्याशी त्याचा फारसा संबंध येत नसे. "जास्त आहे का?" त्याने विचारलं.

"खूप. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आनुवंशिक असू शकतं. आईकडून नाहीतर बापाकडून. दोघांचं रक्त तपासून घ्या."

"त्यात तपासायचं काय? तुझ्या माहेरचा एक माणूस दाखव, जो दारातून आडवा न होता आत येतो."

बायकोच्या माहेरावर बोलून उत्तम चुकला. त्यांची लेक प्रांजल अंगाने आईवर गेली होती खरी. गोल चेहरा, भक्कम दंड, आणि कबड्डीत समोरच्या मुलीच्या घोट्याला मिठी घातली की शिट्टी वाजेपर्यंत सुटका नाही. शनिवारी पालघरला जिल्ह्याच्या संघाची निवड होती.

"हे कुणाकडचं ते कळेपर्यंत मैदान बंद," विद्युल्लताने जाहीर केलं.

"अगं आई, मॅडम म्हणाल्या ना, खेळू दे म्हणून!"

"त्या म्हणतील. पोर त्यांची आहे का?"

म्हणजे शनिवारच्या आत तपासणी व्हायलाच हवी होती. पण उत्तमला सुईची भीती. "माझंच रक्त कशाला? ताईचं आणि माझं एकच. तिलाच बोलावतो," तो म्हणाला. पुष्पलताताई मोखाड्याला शिक्षिका होत्या आणि वर्गातल्या छडीइतक्याच सडपातळ. लग्न जमवताना घरातली चांगली बाजू आधी दाखवतात, तसं उत्तमने बहिणीला पुढे केलं.

"मग माझ्याकडून पराग येईल," विद्युल्लता रागाच्या भरात बोलून गेली, आणि लगेच पस्तावली. तिचा भाऊ पराग जामसरहून जीपने आला, की ड्रायव्हरशेजारी दुसरा प्रवासी बसवता येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उपाशीपोटी लॅबमध्ये हजर झाले. पराग बाकाच्या एका टोकाला बसला, तशा दुसऱ्या टोकाच्या पुष्पलताताई किंचित वर उचलल्या गेल्या.

"परागभाऊ, घाबरू नका हो. जे असेल ते कळेलच," त्या म्हणाल्या.

"घाबरत नाही ताई, भूक लागलीय. बाहेर वडे तळतायत."

"जिभेवर ताबा हवा. मी कित्येक वर्षांत तुपाला शिवले नाही. नागलीची भाकरी नि पालेभाजी. विद्या, तुला किती वेळा सांगितलं, पोरीला माझं वळण लाव."

"हो, वन्सं," विद्युल्लता म्हणाली. प्रांजलने आईकडे पाहिलं आणि मनातल्या मनात पालघर सोडून दिलं.

दुपारी डॉक्टर जयवंती मॅडमनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. "पराग कोण? एकशे अठ्ठावन्न. अगदी छान. पोट मात्र कमी करा."

परागने आनंदाने पोटावरून हात फिरवला.

"आणि पुष्पलता? तीनशे चार."

पुष्पलताताईंनी रिपोर्ट स्वतःकडे ओढून घेतला.

"नळ्या बदलल्या असतील," पुष्पलताताई म्हणाल्या.

"नाही आत्या. मी बघत होते ना. तुझ्यासमोरच नावं लिहिली," प्रांजल म्हणाली.

"अहो, पण मी तूप खात नाही!"

"म्हणून तीनशे चारवर थांबलंय," मॅडम म्हणाल्या. "अंगावरची चरबी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल यांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं. काही घराण्यांत यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलूनच घेत नाही. माणूस काडीसारखा असला तरी. पण मी आईवडिलांचं रक्त मागितलं होतं. वडील कुठायत?"

वडील दाराकडे सरकत होते. दारात पराग जाऊन उभा राहिला. आता कुणालाही आडवं होऊनसुद्धा बाहेर पडता येणार नव्हतं.

"दाजी, सुई अगदी बारीक असते," तो प्रेमाने म्हणाला.

उत्तमने डोळे मिटून, बायकोचा हात धरून रक्त दिलं. विद्युल्लतानेही दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. उत्तम दोनशे नव्वद, विद्युल्लता एकशे सत्तर.

"अंगकाठी आईकडची असेल, पण हे वडिलांकडून आलेलं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "पोरीचं खाणंपिणं सांभाळू, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. भावाबहिणीला मात्र आजपासून गोळ्या."

"आणि कबड्डी?" प्रांजलने विचारलं.

"अगं, खेळायलाच हवं. घरात बसवून कुणाचं कोलेस्टेरॉल उतरलंय?"

शनिवारी पालघरच्या मैदानावर प्रांजलने एकापाठोपाठ एक चढाईपटू घोट्याला धरून आडव्या केल्या. संघात तिचं नाव पुकारलं गेलं. निवड समितीच्या बाई कौतुकाने घरच्यांजवळ आल्या. "काय जबरदस्त पकड आहे हो! कुणाकडून आली?"

"आमच्याकडून!" उत्तम आणि पुष्पलताताई एकदमच उभे राहिले. "आमच्या घराण्यातच आहे ते."

विद्युल्लताने शेंगदाण्याची पुडी शांतपणे परागच्या हातात दिली.

"वन्सं," ती म्हणाली, "रिपोर्ट आणलाय का?"