निकम सरांचा टॉवेल

बॉक्सिंगमध्ये राउंड संपला की खेळाडू आपल्या कोपऱ्यात येऊन स्टुलावर टेकतो. एक मिनिट मिळतं. तेवढ्यात बाकीचे कोच तोंडावर पाणी मारतात, वारा घालतात, "डावा हात वर ठेव, पोटात मार" असलं काहीबाही कानात ओरडतात. आमचे निकम सर समोर गुडघे टेकून बसायचे, आपल्या डोळ्यांत डोळे घालायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, "बाष्पीभवन म्हणजे काय?"

खोटं वाटतंय ना? आईशप्पथ सांगते. नाकातून रक्त येतंय, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, समोरची पोरगी खाऊ की गिळू करत बघतेय, आणि आपला कोच विचारतोय कर्मणी प्रयोगाचं उदाहरण! बरं, विचारून सोडून देतील तर ते निकम सर कसले? उत्तर चुकलं की त्यांच्या खांद्यावरचा गुलाबी टॉवेल उडून रिंगमध्ये पडायचा. कोपऱ्यातून टॉवेल पडला म्हणजे हार पत्करली. बाउट तिथंच संपली, समोरचा जिंकला.

तो टॉवेलही बघण्यासारखा होता. कुणाच्या तरी लग्नात टॉवेल-टोपी देऊन सरांचा सत्कार झालेला, त्यातला. टोपी हरवली आणि टॉवेल आमच्या नशिबी राहिला. सर स्वतः बिनलग्नाचे, पण आम्हा पोरांच्या घरचं एकही लग्न चुकवत नसत. सटाण्याकडचे, त्यामुळे चिडले किंवा खूश झाले की तोंडात अहिराणी यायची. सातपूरला कंपनीत पहिली पाळी करायचे आणि दुपारनंतर लुनाला कांद्याच्या जाळीच्या गोणीत भरलेले ग्लोव्ह्ज लटकवून आमच्या शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर व्हायचे. वजनकाटासुद्धा पिंपळगावच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडून मागून आणलेला होता. त्यावर उभं राहिलं की सालपटं पायाला चिकटायची आणि सर म्हणायचे, "सालपटं झटक, नाहीतर वरच्या गटात जाशील!"

या परीक्षेमागचं सरांचं शास्त्र सरळ होतं. "डोक्याला मार बसलाय. आत काय झालं ते वरून दिसतं का? विचारल्याशिवाय मला कसं कळणार, डोकं जागावर शे का नाही ते?"

शास्त्र ठीक होतं हो, पण ज्याचं डोकं अभ्यासाच्या बाबतीत मुळातच जागेवर नाही त्यानं काय करायचं? आमच्यात संतोष म्हणून एक पोरगा होता. इगतपुरीकडच्या पाड्यावरचा, इथं वसतिगृहात राहायचा. हात असा चालायचा की समोरच्याला घाम फुटावा. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच राउंडमध्ये त्यानं समोरच्याला पार लोळवत आणलं होतं. कोपऱ्यात आला, सरांनी बाष्पीभवन विचारलं. संतोषनं डोळे फिरवले, ओठ हलवले, आणि मग रडकुंडीला येऊन म्हणाला, "ओ सर, हे मला सकाळीबी येत नव्हतं! मार बसून नाय गेलं ते! शाळेतच नाय आलेलं!"

टॉवेल उडाला.

पंच धावत आले. "अहो, तुमचा मुलगा जिंकतोय! त्याला काय झालंय?"

सर गंभीरपणे म्हणाले, "बाष्पीभवन."

पंचांना वाटलं काहीतरी गंभीर आजार असेल. त्यांनी डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर संतोषच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघेपर्यंत आम्ही सगळे शेडची पोरंपोरी हसून हसून आडवे झालो होतो. संतोष मात्र महिनाभर सरांशी बोलला नाही. पण त्या महिन्यात त्यानं विज्ञानाचं पुस्तक पाठ केलं.

आणि त्याच्यामागं आम्ही सगळ्यांनीच. दुसरा इलाज काय होता? आम्ही दोरीवरच्या उड्या पाढ्यांच्या तालावर मारायचो आणि बॅगवर ठोसे देताना सनावळ्या म्हणायचो. माझी आई आधी बॉक्सिंगच्या नावानं बोटं मोडायची, "नाक वाकडं झालं तर कोण करेल हिला?" म्हणायची. चाचणीचे मार्क बघून तीच म्हणायला लागली, "जा गं जा, उशीर होतोय." पुढं पुढं तर गल्लीतली माणसं आपली पोरं घेऊन शेडवर यायला लागली. "सर, याला मारामारी नका शिकवू, नुसतं अभ्यासाला बसवून घ्या ना." सर त्यांना हात जोडून परत पाठवायचे. स्वतः सरांना त्यातली निम्मी उत्तरं येत नव्हती हा भाग वेगळा. खिशात गाईडची फाटकी पानं असायची, ती बघून पडताळायचे.

एकदा मी तोंड वर करून विचारलंच, "सर, एवढं कशाला? सरळ नाव विचारा ना. ज्याला स्वतःचं नाव सांगता येईल त्याचं डोकं जागेवर."

एरवी सरांनी माझी टर उडवली असती. तेव्हा मात्र हातातली दोरी गुंडाळत नुसतं म्हणाले, "नाव कुणीपण सांगतं, शिंदे. नावाचं काही खरं नाही." आणि लुना सुरू करून निघून गेले. मला वाटलं, पोटात दुखत असेल.

मग आलं माझं बारावीचं वर्ष. मुलींचं बॉक्सिंग तेव्हा नवं नवं होतं. राज्य स्पर्धेला गेलं की बोर्डाचे वाढीव मार्क मिळत, खेळाडूंच्या कोट्यातून पुण्याच्या चांगल्या कॉलेजात नाव लागत होतं. आणि वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा राज्याला गेलीस तर पुढं शिक आणि पुढं खेळ. नाही गेलीस तर ग्लोव्ह्ज माळ्यावर आणि बघायला पाहुणे." वडील तोंडानं बोलले की तसंच करायचे. म्हणजे विभागाच्या निवडीतली ती एक बाउट जिंकायची, नाहीतर सगळंच संपलं. मी जीव तोडून तयारी केली होती. पाढे तर तीसपर्यंत.

दोन राउंड मी पुढं होते, सगळे म्हणत होते. दुसऱ्याच्या शेवटी समोरच्या पोरीचा एक उजवा कानशिलावर बसला, पण मी पडले बिडले नाही. कोपऱ्यात येऊन बसले. सर गुडघ्यांवर बसले.

"सतरा नव्वे?"

"एकशे त्रेसष्ट," मी ठणकावून सांगितलं.

गुलाबी टॉवेल माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

मी सगळ्यांसमोर किंचाळले. सरांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सरांनी ग्लोव्ह्ज सोडले, पाणी पाजलं, घरी पोचवलं. वडिलांनी माळ्याकडं बघितलं फक्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडायला सरांच्या घरी गेले. आम्ही कुणीच कधी त्यांच्या घरी गेलो नव्हतो, ते बोलवायचेच नाहीत. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. मी दार बडवलं. सरांसारखाच दिसणारा, जाडसर, केस नीट विंचरलेला एक माणूस दारात आला. ताठ उभा राहून म्हणाला, "मी बाळू निकम. चौपन्न किलो."

चौपन्न कसला, चांगला ऐंशीचा असेल. मी रागात होते तरी हसू आलं. "सर आहेत का?"

"मी बाळू निकम. चौपन्न किलो," तो परत तसाच म्हणाला.

तेवढ्यात सर आतून आले. मला बघून दचकले, पण "ये" म्हणाले. बाळूनं खाटेवर बसून दोन्ही हात पुढं केले. सरांनी कोनाड्यातून हाताला बांधायच्या पट्ट्या काढल्या आणि खाली बसून त्याच्या मनगटाला गुंडाळायला लागले. आम्हाला बाउटआधी बांधायचे तशाच, बोटांच्या मधून, घाई न करता.

"दादा, बाउट कधी?" बाळूनं विचारलं.

"उद्या."

बाळू खूश झाला. माझ्या लक्षात आलं, हे रोजचं आहे. भांडण पाठ करून आले होते, ते सोडून मी दाराशीच खाली बसले.

सर मान खाली घालूनच बोलायला लागले. "आम्ही दोघंही खेळायचो. हा माझ्यापेक्षा लय चांगला होता. कॉलेजात होता, वर्गात पहिला यायचा. त्याच्या कोपऱ्यात मी असायचो. दुसऱ्या राउंडला याला एक बसला. मी विचारलं, बाळू, नाव काय तुझं? सांगितलं यानं, बाळू निकम. वर वजनपण सांगितलं. चौपन्न किलो. मी म्हटलं, झकास आहे. जा." एवढं बोलून त्यांनी पट्टीची गाठ मारली, सोडली, परत मारली. "मीच म्हटलं जा."

मला रडू फुटलं. ते बाळूसाठी होतं की माझ्या राज्य स्पर्धेसाठी, मला खरंच सांगता येणार नाही, दोन्हीसाठी असेल.

सरांनी वर बघितलं. "शिंदे, खरं सांग. काल रात्रीपासून उलटी झाली का?"

मी आईपासून लपवलं होतं. सकाळी दोनदा झाली होती. आणि डोकं असं ठणकत होतं की येताना रिक्षाचा हॉर्नसुद्धा सहन होत नव्हता. "दोनदा," मी म्हटलं.

सर ताडकन उठले. चप्पल शोधायला लागले, लुनाची किल्ली खिशात असून सगळ्या घरभर शोधायला लागले. "तुझ्या वडिलांशी मी बोलतो. पुढचं वर्ष आहे, त्याच्या पुढचं आहे, ग्लोव्ह्ज माळ्यावर गेले तर मी स्वतः चढून काढीन. पाहुणे आले तर त्यांनापण प्रश्न विचारीन. चल आधी." तसे ते वडिलांशी बोललेही, आणि पुढच्या वर्षी मी राज्याला गेलेही, पण ते नंतरचं.

त्या दिवशी आम्ही दारातून बाहेर पडत होतो तेव्हा बाळूनं पट्ट्या बांधलेल्या हातानं सरांचा शर्ट धरला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. दोघं भाऊ अहिराणीत बोलले, मी मला कळलं तसं सांगते.

"दादा, हिनं नाव सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग जाऊ दे की हिला."

सरांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला, विसकटलेला भांग बोटांनी परत सरळ केला. "नाही रे बाळू," ते म्हणाले, "आता नाही जाऊ देत मी कुणाला."

आम्ही लुनावर निघालो. मग त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडं सरांनी पाठमोरंच विचारलं, "सतरा नव्वे?"

"एकशे त्रेपन्न," मी म्हटलं.

"शाब्बास," सर म्हणाले, आणि लुना तरीही डॉक्टरच्याच दारात नेऊन थांबवली.