कपाटामागचा थर्मोस्टॅट

नवरोबांनी घरातले दिवे फोनला जोडले, पडदे जोडले, दारावरची बेल जोडली. राहिला एकटा थर्मोस्टॅट, आणि तो होता कपाटाच्या मागे. कपाट भिंतीला ठोकून बसवलेलं. त्याची मापं नवरोबांनी स्वतः घेतली होती, त्यामुळे सुताराला दोष देता येत नव्हता आणि घरात त्या विषयावर बोलायची पद्धत नव्हती.

कपाटाच्या कडेला एक फट उरली होती. तिच्यातून पडद्याचा दांडा आत सारायचा, दांड्याच्या टोकाला बांधलेल्या डावाने थर्मोस्टॅटची चकती अंदाजाने ढकलायची आणि मग घाम फुटतो की दातावर दात वाजतात याची वाट बघायची, अशी आजवरची व्यवस्था. नवरोबांना उकडायचं, बायकोला थंडी वाजायची. ज्याच्या हाती दांडा, त्याचं राज्य.

थर्मोस्टॅट एकदा फोनमध्ये आला की ऑफिसात बसल्या बसल्या, बायकोला पत्ता न लागता, घर हळूच गार करायचं, हा नवरोबांचा खरा बेत. बायकोला सांगायचा बेत वेगळा होता.

"तुला उगाच वाकावं लागतं गं."

"माझी एवढी काळजी? काय फोडलंत?"

जोडणीसाठी थर्मोस्टॅटच्या खालच्या कडेवरचा चौकोनी कोड फोनला दाखवायचा होता. नवरोबांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. पुढे पोटाने हरकत घेतली. बायको अर्धी शिरली आणि शिंकत बाहेर आली. मग फोन रबरबँडांनी दांड्याला बांधून आत सोडला. त्याने भिंतीचे आणि जळमटांचे फोटो मन लावून काढले. तेवढ्यात रबरबँड तुटले.

"पडला," नवरोबा म्हणाले.

"ऐकू आलं."

"आता जरा लांब दांडा आणून..."

"पुरे झालं! बंद करा हे सगळं!"

नवरोबांनी घराला बोललेले हुकूम ऐकायची सवय लावली होती. दिवे गेले, पडदे सरसर मिटले, भरदिवसा अंधार झाला.

"चालू कर!" नवरोबा ओरडले. घर ढिम्म. या घरात कोणाचा शब्द शेवटचा, हे यंत्र चार दिवसांत शिकलं होतं.

आतल्या खोलीत नवरोबांची आत्या दोन शाली पांघरून बसली होती. ती मुक्कामाला आल्यापासून दांड्याला उसंत नव्हती. ती चाचपडत बाहेर आली.

"काय रे बाळ, वीज गेली?"

बायकोने हुकूम सोडून दिवे लावले आणि बाळने सगळी हकीकत सांगितली. आत्याने शाली उतरवून सुनेच्या हातात दिल्या. शाली वजा केल्यावर जी आत्या शिल्लक राहिली, ती फटीत मावण्याजोगी होती.

"आत्या, आत धूळ असेल हं."

"बाहेर काय कमी आहे?" आत्या म्हणाली. सुनेने शाली जरा जोरातच झटकल्या.

नवरोबांनी घाईघाईने आत्याच्या फोनवर ते अ‍ॅप उतरवून दिलं. आत्या आडवी होऊन सरकत आत गेली. पाय तेवढे बाहेर दिसत राहिले.

"हे काहीतरी विचारतंय रे."

"हो म्हण!"

"पुन्हा विचारतंय. लांबलचक आहे. वाचून दाखवू?"

"वाचत बसू नकोस, वेळ संपेल! जे विचारेल त्याला हो म्हण!"

आत्याने उभ्या जन्मात कोणाच्या होला हो म्हटलं नव्हतं. भाच्यासाठी तिने तेही केलं. केसांत जळमटं आणि एका हातात भाच्याचा फोन घेऊन ती बाहेर आली, तेव्हा नवरोबांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवतानाही त्यांचे डोळे पाणावले होते.

संध्याकाळी घर तापू लागलं. नवरोबांनी स्वेटर काढला, मग शर्ट काढला, मग फोन काढला. स्क्रीनवर लिहून आलं : 'आपण या घरात पाहुणे आहात. तापमान बदलण्यासाठी घरमालकांशी संपर्क साधा.' खाली घरमालकांचा फोटो होता. दोन शालींसकट.

दांडा घालून पाहिला. चकती नुसती गरागरा फिरली. मालक बदलायचा तर मालकाने मानायला हवं, नाहीतर आत शिरून एक बटण दाबून धरायला हवं. बायकोने आपली शाल घडी करून ठेवली. मत विचारलं नसल्यामुळे तिने दिलं नाही.

नवरोबांनी फोन लावला. "आत्या, ती मालकी माझ्या नावावर कर ना. तुझ्या फोनमध्येच बटण असेल बघ."

"कुठे रे? मला मेलीला यातलं काय कळतंय!"

मेलीने सबंध आठवड्याचं वेळापत्रक भरलं होतं. सुट्टीच्या दिवशी दोघं उशिरा उठतात, याचीही त्यात नोंद होती.

"मग तू परत ये ना चार दिवस. आत जाऊन एवढं बटण दाबलंस की झालं."

"येईन की, बाळ. न यायला काय झालं? पण तुमच्याकडे गारठा फार. थांब, यायच्या आधी घर जरा तापवून ठेवते."

"आत्या, नको! इथे आत्ताच..."

भिंतीतला हीटर कटकट वाजू लागला.

"बरं, पण येतेस कधी?" कपाळ पुसत नवरोबांनी विचारलं.

"एवढी काय घाई? आधी नीट तापू तर दे!"