वांगं बंद

औषधाचा गुण औषधात नसून पथ्यात असतो, हे सत्य जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना अजून गवसलेलं नाही. तेलगावात पिठाच्या गिरणीवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, सांगेल.

याच तेलगावचे डॉ. अंगदराव कॅन्सरच्या औषधांवर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ. चौदा वर्षं पुण्याच्या प्रयोगशाळेत. तपासलेली रसायनं सहाशे बारा, उंदरांना गुण आलेली दोन. गाव त्यांना ‘उंदराचा डॉक्टर’ म्हणे. (शास्त्रीयदृष्ट्या हे अचूकच होतं.)

दिवाळीला ते घरी आले तेव्हा आई साखराबाईंच्या छातीत गाठ असल्याचं कळलं. आठ महिन्यांपासून होती. (कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.) अंगदरावांनी तिथंच एसटीच्या वेळा विचारून घेतल्या.

“माय, उद्याच अंबाजोगाईला जाऊ. सुई घालून तपासतील.”

“सुई टोचली की गाठ चवताळती, लेकरा. मी न्हाई यायची.”

अंगदरावांनी तक्ते काढले, आकृत्या काढल्या, आकडेवारी मांडली. साखराबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्द्याला हात घातला. “पथ्य काय हाय?”

“काही नाही. सगळं खा.”

“मंग ते कसलं आवशीद?”

त्यापेक्षा तलवाड्याच्या सटवा वैदूची मुळी बरी, असं त्यांचं मत पडलं. तिला सतरा पथ्यं होती. गुण आला तर मुळीचा, नाही आला तर रोग्यानं पथ्य मोडलेलं. इतकी निर्दोष संशोधनपद्धती अंगदरावांनी आजवर कुठं पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौदा वर्षांचं शास्त्र गुंडाळून बॅगेत ठेवलं आणि चेहरा गंभीर करून सांगितलं, “वांगं बंद. पाच दिवस डाव्या कुशीवर झोपायचं. सहाव्या दिवशी एसटीत खिडकीपाशी बसून अंबाजोगाई. पथ्य पाळलेल्याला सुई बाधत नसती.”

“आत्ता कसा डॉक्टरावानी बोललास!” साखराबाईंनी त्याच दुपारी परड्यातली वांगी शेजारी देऊन टाकली.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण अजून पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, उपचार लागू पडले. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा अंगदराव दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. “रडल्यानं माझं पथ्य मोडत न्हाई ना रं?” साखराबाईंनी काळजीनं विचारलं.

त्यानंतर गावातल्या एकवीस बायकांनी वांगं सोडलं आणि सहाव्या दिवशी अंबाजोगाई गाठली. (तेलगावच्या बाजारात वांग्याला कुणी विचारीना.) चौघींच्या गाठी वेळेवर सापडल्या. प्रयोगशाळेच्या वार्षिक अहवालात अंगदरावांनी रसायन क्रमांक सहाशे तेरा म्हणून वांग्याची नोंद केली. वरिष्ठांनी खुलासा मागवला आहे.

वाचकहो, तुम्ही शिकलेले. तेलगावच्या बायकांना हसण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिलेली ती तपासणी, जिची चिठ्ठी गेल्या वर्षापासून कपाटात साड्यांखाली किंवा पाकिटात पडून आहे, ती केलीत का?

नाही ना? हरकत नाही. आजपासून वांगं बंद. सहाव्या दिवशी जाऊन या.