कपाटाचा ताबा

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी सव्वादहा वाजता डॉक्टरसाहेब आपल्याच घराच्या आतल्या खोलीत अडकले, आणि त्यांना अडकवले ते त्यांच्याच प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाने.

'डॉक्टरसाहेब' ही पदवी त्यांना घरच्यांनी सात वर्षांपूर्वीच बहाल केली होती. इस्लामी बँकिंगमध्ये पीएचडीला नाव नोंदवून ते घरी आले त्याच संध्याकाळी. खरी पदवी काय, मागाहून येईलच, तोवर जिभेला सवय तरी होईल! पण ती काही येईना. एक वर्ष विषय ठरवण्यात गेले, दोन वर्षे तो बदलण्यात, आणि उरलेली चार बहुतेक सगळी चौथे प्रकरण लिहिण्यात. शेवटी विद्यापीठाने निर्वाणीचे पत्र धाडले. ह्या महिन्यात परीक्षा झाली नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षे पाण्यात.

चौथे प्रकरण होते ताब्याबद्दल. व्याज घ्यायचे नाही, हा ह्या बँकांचा मूळ नियम. तेव्हा गिऱ्हाइकाला कपाट हवे असेल तर बँक त्याच्या हातात पैसे ठेवत नाही. ती स्वतः दुकानातून कपाट विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून ते गिऱ्हाइकाला हप्त्यांवर विकते. ह्या व्यवहाराला म्हणतात मुराबहा. आता ह्यात मेख अशी, की मधल्या काळात कपाट बँकेचे असते. तेवढ्यात ते पडले, फुटले, तर नुकसान बँकेने सोसायचे. हा धोका पत्करला म्हणून तर नफा हक्काचा! पण काही ठिकाणी हा मधला काळ दोन सह्यांच्या मध्ये, पेनाला टोपण लावायच्या आत उरकला जातो आणि कपाटाचे तोंडही कुणी बघत नाही, अशी डॉक्टरसाहेबांची तक्रार होती. ती त्यांनी ब्याण्णव पानांत, भयंकर संतापून मांडली होती.

"तुमच्या प्रकरणात 'ताबा' हा शब्द चारशे अकरा वेळा आलाय," मार्गदर्शक सर एक दिवस म्हणाले.

"मोजलेत तुम्ही, सर?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का? कॉम्प्युटरनं मोजले. मला एवढंच सांगा, तुम्ही स्वतः आयुष्यात कधी कशाचा ताबा घेतलाय?"

डॉक्टरसाहेबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. घर भाड्याचे होते. स्कूटर सासऱ्यांची होती. टीव्हीचा रिमोट बायकोकडे असे.

"नाही, सर."

"मग एक तरी व्यवहार स्वतः करून बघा आणि मग परीक्षेला बसा. बाहेरच्या परीक्षक बाई फार कडक आहेत. पुस्तकी उत्तर दिलंत की चष्मा काढून ठेवतात, आणि एकदा का चष्मा निघाला की संपलं."

व्यवहार करायचा तर गिऱ्हाईक हवे, आणि डॉक्टरसाहेबांच्या नजरेसमोर एकच गिऱ्हाईक होते. त्यांची आत्या. आत्या दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर एकटी राहायची. तीस वर्षे तिने छापखान्यात मुद्रिते तपासली होती आणि निवृत्त झाल्यावरही तिच्या हातातला लाल पेन काही सुटला नव्हता. सात वर्षे दर गुरुवारी डॉक्टरसाहेब नवी पाने घेऊन तिच्याकडे जात आणि आत्या ती लालेलाल करून परत देई. उभ्या जगात हा प्रबंध दोघांनीच वाचला होता. एक सरांनी, पाने गाळून. आणि एक आत्याने, स्वल्पविरामही न गाळता.

"आत्या, तुला आरशाचं कपाट घ्यायचंय ना? मी घेतो आणि तुला विकतो."

"तू कशाला मध्ये? मी जाते की दुकानात."

"तसं नाही. मी बँक आहे असं समज."

"तुझ्या खिशात बसच्या तिकिटाशिवाय काही नसतं आणि म्हणे बँक!" आत्या हसली. पण परीक्षेचे कळल्यावर विरघळली. "बरं बाबा. घेईन तुझ्याकडून. दिलं वचन."

कपाट पसंत झाल्यावर दुकानदाराने पत्ता लिहायला वही काढली. "आत्याबाईंकडेच पोचवायचं ना?"

"नाही. माझ्याकडे."

"पण वापरणार त्या. त्या तळमजल्यावर आणि तुम्ही तिसऱ्या."

"आधी माझ्या ताब्यात यायला पाहिजे. मग मी त्यांना विकणार. मग ते त्यांच्याकडे जाणार."

"म्हणजे चढवायचं आणि पुन्हा उतरवायचं?"

"हो."

"हौस आहे तुम्हाला," दुकानदार म्हणाला आणि त्याने हमाली दुप्पट लावली.

सोमवारी यायचे कपाट गुरुवारी उगवले, म्हणजे नेमके परीक्षेच्या दिवशी. परीक्षा अकराला. चार हमालांनी ते तीन जिने चढवले आणि प्रत्येक जिन्यावर डॉक्टरसाहेबांच्या बुद्धीविषयी आपापले मत मोकळेपणाने मांडले. बाहेरच्या खोलीत मुंगीला जागा नव्हती, म्हणून कपाट आतल्या खोलीत ठेवायचे ठरले. "तुम्ही ढकला, मी आतून धरतो," असे म्हणून डॉक्टरसाहेब उत्साहाने आत शिरले. कपाट दारात अर्धे आले. मग पाऊण आले. मग कर्रर्र असा आवाज झाला आणि ते जे चौकटीत रुतून बसले, ते ना आत ना बाहेर.

"साहेब, चौकट काढावी लागणार," पलीकडून हमाल म्हणाला. "सुतार बघा." आणि चौघेही पैसे घेऊन पसार झाले.

"अहो, आधी तुम्ही बाहेर या बघू," बायको म्हणाली.

"कुठून येऊ?"

कपाटाच्या डोक्यावर तेवढी हातभर फट होती. खिडकी होती, पण तिसऱ्या मजल्याची. सुताराने फोनवर बाराचा वायदा केला. डॉक्टरसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी सरांना फोन लावला.

"अहो, आहात कुठे तुम्ही? सगळे जमायला लागलेत."

"सर, माल माझ्या ताब्यात आलाय. म्हणजे, मीच मालाच्या ताब्यात आहे."

सगळी हकीकत सरांनी दोनदा वदवून घेतली. मग म्हणाले, "परीक्षक बाई व्हिडिओवरच येणार आहेत. तुम्हीही तिथूनच या. आणि हे कपाटाचं काही बोलू नका, कृपा करा."

बायकोने स्टुलावर चढून फटीतून आधी कोट दिला, मग टाय दिला, मग चहा दिला. "जपून प्या," ती म्हणाली. "न्हाणीघर इकडे आहे."

अकराला परीक्षा सुरू झाली. परीक्षक बाई पडद्यावर आल्या, चष्मा नाकावर होता. पहिले तीन प्रश्न बरे गेले. मग त्यांनी चौथे प्रकरण उघडले. "तुम्ही म्हणता ताबा खरा हवा. पण कागदोपत्री दोन मिनिटांचा ताबा असला तर बिघडलं कुठं? व्यवहार लवकर होतो. गिऱ्हाईकही खूश."

"कारण, मॅडम, धोका आणि नफा ह्यांच्यातला जो परस्परसंबंध आहे, तो..."

बाईंचा हात चष्म्याकडे गेला.

आणि तेवढ्यात कपाटापलीकडून खणखणीत आवाज आला. आत्या भाच्याला शुभेच्छा द्यायला आली होती. "अगं बाई! आरशाला तडा गेलाय की! वरपासून खालपर्यंत! हे मी नाही हो घेणार!"

बाईंचा हात थांबला. "कोण बोललं?"

दुसऱ्या चौकोनात सरांनी कपाळाला हात लावला. लपवण्यात आता काही अर्थ नव्हता. "गिऱ्हाईक," डॉक्टरसाहेब क्षीण आवाजात म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप फिरवून कपाटाची पाठ बाईंना दाखवली. फटीतून आत्याचे पांढरे केस आणि चष्मा वर आला.

"आजी, तुम्ही हे कपाट घ्यायचं कबूल केलं होतं का?" बाईंनी विचारले.

"वचन दिलं होतं. पण वचन म्हणजे खरेदी नव्हे. पान एकशे त्रेचाळीस. आणि विक्रीआधी माल बिघडला तर तो विकणाऱ्याच्या गळ्यात. पान एकशे एकोणपन्नास, खालून तिसरी ओळ. तिथं ह्यानं 'नुकसान' चुकीचं लिहिलं होतं, मी दुरुस्त केलंय."

"तुम्ही प्रबंध वाचलाय?"

"चार वेळा."

बाई खुर्चीत सरसावून बसल्या. "आता बोला. आरसा फुटलाय, गिऱ्हाईक अडून बसलंय. तुम्ही काय करणार?"

खरे सांगायचे तर डॉक्टरसाहेबांच्या ओठांवर आले होते, 'आत्या, एवढ्याशा तड्यानं काय होतंय, घेऊन टाक ना!' पण ब्याण्णव पाने त्यांनी ज्यांच्यावर तोंडसुख घेतले होते, ते तरी ह्याहून वेगळे काय म्हणत असतील? डॉक्टरसाहेबांना आपलीच लाज वाटली. सकाळी कपाटाखाली चेंगरलेला पाय ठणकत होता, फटीतून घेताना चहा अंगावर सांडला होता.

"आरसा मी बदलून देणार," ते म्हणाले. "आणि त्याचा खर्च किमतीत लावणार नाही. नुकसान माझं. मॅडम, दोन मिनिटांच्या ताब्यात हे कधी कळलंच नसतं हो. सकाळपासून कळतंय."

बाईंनी चष्मा काढला नाही. उलट रुमालाने पुसून नीट घातला. "उत्तीर्ण," त्या म्हणाल्या. "एका अटीवर. हा व्यवहार अजून अर्धवट आहे. विक्री पूर्ण करा, गिऱ्हाइकाच्या सहीसकट परिशिष्ट म्हणून जोडा. मुदत एक महिना. सही नाही तर पदवी नाही."

बाराचा सुतार दोनला आला. त्याने चौकट काढली, कपाट आत ढकलले, डॉक्टरसाहेबांना बाहेर काढले आणि चौकट पुन्हा बसवली. डॉक्टरसाहेब कुणाकडेही न बघता थेट न्हाणीघराकडे धावले. आता काय, एक सही! आत्या तर घरचीच.

पण आत्या कसली सही करते! नवा आरसा बसला, तर म्हणे चेहरा जाड दिसतो. आरसा पुन्हा बदलला, तर मूठ सैल लागली. मूठ घट्ट केली, तर तिला रंग आवडेना. "गिऱ्हाईक आहे मी, बघून घेणार," एवढे एकच पालुपद. तीन आठवडे उलटले. डॉक्टरसाहेबांच्या नाकी नऊ आले. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा ते तणतणत आत्याकडे गेले. वार गुरुवारच होता.

आत्या टेबलाशी बसली होती. समोर सात वर्षांच्या जुन्या पानांचे गठ्ठे, शेजारी लाल पेन. तपासायला काही नव्हते, तरी पेन टोपण काढून ठेवलेला होता.

"आत्या, खरं सांग. तुझ्या मनात काय आहे? माझी सात वर्षं अडलीत एका सहीवर."

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली. ती त्यांच्याकडे बघेना. "सही केली की संपलंच ना सगळं. मग गुरुवारी तू कशाला येशील? माझ्याकडे दुसरं येतंच कोण, सांग."

डॉक्टरसाहेबांचा सगळा राग जागच्या जागी विरला. सात वर्षे ते समजत होते की आत्याकडे जाऊन ते आपले काम करून घेताहेत. मग त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

"हे बघ, आत्या. पाचवं प्रकरण आठवतं? वस्तू हलवलीच पाहिजे असं नाही. किल्ली हातात दिली की ताबा दिला."

"पान दोनशे सात," आत्या म्हणाली.

"कपाट बाहेर काढायचं तर पुन्हा चौकट फोडावी लागेल. तेव्हा ते माझ्याकडेच राहील, पण असेल तुझं. आणि मालकिणीला आपला माल बघायला यावं लागेल. दर गुरुवारी. जेवायलाच ये."

आत्याने किल्ली उचलली, उलटसुलट केली आणि पदराने डोळे पुसले. मग विक्रीचा कागद पुढे ओढला, त्यातल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि खाली सही ठोकली.

पुढच्या गुरुवारी आत्या ऐटीत तीन जिने चढून आली आणि तिने आपल्या किल्लीने आपले कपाट उघडले. आत डॉक्टरसाहेबांचे कोट होते, बायकोच्या शाली होत्या, इस्त्री होती आणि जुना पंखाही होता.

"माझ्या कपाटात हे कुणाचं?"

"आमचंच," बायको चाचरत म्हणाली. "महिनाभर रिकामं उभं होतं, म्हणून म्हटलं..."

"दुसऱ्याची वस्तू वापरायची तर भाडं पडतं. सहावं प्रकरण. तपासलंय मी."

"किती?" आता खरेखुरे डॉक्टर झालेल्या डॉक्टरसाहेबांनी घाबरत विचारले.

आत्याने कोट बाजूला सारून वरचा खण मोकळा केला आणि पिशवीतले लाल पेन एकेक करून त्यात मांडून ठेवले. "दर गुरुवारी वीस पानं. ह्याचं आता पुस्तक कर. आणि ह्या खेपेला 'ताबा' जरा हात राखून लिही."

"म्हणजे आणखी सात वर्षं!" बायको म्हणाली, आणि आत्याचे पान वाढायला स्वयंपाकघरात गेली.