हरीभगताची डावी बाजू

भूत उतरवण्याआधी भुताला कॅमेऱ्यात बघायला लावणारा भगत अख्ख्या शहापूर-मुरबाडात एकच होता. आमचा हरीभगत. आणि त्याचा कॅमेरामन मी.

एरवी मी किन्हवलीत लग्नांचं शूटिंग करायचो. खांद्यावर रेडकाएवढा कॅमेरा. त्याच्या वजनानं माझा उजवा खांदा वीतभर खाली गेलाय. खोटं वाटत असेल तर माझ्या शिंप्याला विचारा. एका दुपारी हरीभगत दुकानात आला नि म्हणाला, "शूटिंगवाल्या, माझ्यासंगं चल. पुराव्याशिवाय भूत नाय."

हे त्याचं पालुपद. विडी पेटवतानासुद्धा.

मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानशाच्या तलावाकाठी त्याचं घर. ओटीवर धुपाचा धूर, सुपात तांदूळ, मधोमध केस सोडून घुमणारी बाई. तिच्या घशातून असा आवाज निघायचा की तलावाचं पाणी मागं सरकायचं. मुंबईत अधूनमधून नळ कोरडे पडायचे ते उगाच नाही.

"कोण तू? कॅमेऱ्यात बघून बोल!" भगत दरडावायचा.

एकदा सापगावच्या एका सुनेच्या अंगातलं भूत कोंबडा मागत होतं. कॅमेरा म्हटल्यावर थबकलं. त्याच घोगऱ्या आवाजात म्हणालं, "थांबा, पदर नीट घेऊ द्या."

भगतानं मुठीतले तांदूळ सुपात टाकले. सासूला म्हणाला, "हे भूत नाय गो, दमलेली पोर हाय. माहेरी धाड. कोंबडा हिलाच रांधून घाल."

अशानं कुणाचा धंदा चालेल? पण भगताचं मन त्यातून केव्हाच उडालं होतं. त्याची बायको यशोदा तापानं फणफणली, तेव्हा यानं दवाखाना केला नाही. स्वतःच अंगारा लावला, दोरा बांधला. ती गेली. त्या दिवसापासून त्यानं देवापुढं दिवा लावला नाही. लोक मात्र येतच राहिले.

शूटिंग करताना मला एकच ताकीद. "मला एका कडेला घे. माझ्या डावीकडं जागा सोड."

"भगतबाबा, चित्र लंगडं दिसतं!"

"दिसू दे."

मग दुकानात येऊन कॅसेट बघायचा. पुढं, मागं, परत पुढं. घुमणाऱ्या बाईकडं ढुंकून बघायचा नाही. नजर त्या रिकाम्या जागेवर. एकदा त्यानं हळूच विचारलं, "तुला दिसतंय काय रे तिथं?"

मी कशाला मागं राहतोय! "दिसतंय की! पांढरंफटक, ताडाएवढं!"

"थापा मारू नको," तो म्हणाला. "ती बुटकी होती."

तेव्हा मला आठवलं. कॅमेरा यायच्या आधी, भूत उतरवताना सूप धरून यशोदावहिनी त्याच्या डावीकडंच बसायची.

पुढं एकदा त्यानं कॅमेरा मागून नेला. बटणं कशी दाबायची तेही शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, हरीभगत झोपेतच गेला. कॅमेरा ओटीवर तसाच होता. आतली कॅसेट शेवटपर्यंत गेलेली. मागं फिरवून त्यानं बघितलेलीच नव्हती.

ती मी दुकानात लावली. दुपारचं ऊन. भगत एका कडेला बसलेला, पुढ्यात धूप, दोन कप चहा.

"यशोदे, कॅमेरा सुरू हाय. कायतरी कर गो. नाय तर शिवी तरी दे. मी अंगारा लावीत बसलो ना तुला."

मग त्यानं मान खाली घातली. धूर सरळ वर चालला होता. अचानक भगताच्या डावीकडं वळला, आणि तिथं फाटून दोन्ही अंगांनी वर गेला. बसलेल्या माणसाला वळसा घालून जावा तसा. बुटक्या माणसाला.

मी जन्मभर थापा मारल्या. ही त्यातली नाही.

भगताची मान खालीच. बऱ्याच वेळानं त्यानं न बघताच एक कप डावीकडं सरकवला. "बरं. नको येऊ. पण च्या पी, निवतोय."

माझ्या दुकानात कॅसेटींचे दोन खण आहेत, एक भुतांचा, एक लग्नांचा. ही मी लग्नांच्या खणात ठेवली.