धारोष्ण दुधाच्या दानाची आणि येरझारीच्या तापाची हकीकत

सकळ जीवांचा जो पालनकर्ता त्यास दंडवत घालोन, शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरी, एके राज्यी जे वर्तमान घडले ते लिहिले असे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गड एक, नदी एक, पेठ एक, ऐसे ते राज्य. थोरले महाराज कैलासवासी जाहले होते, पुत्र मोहिमेवर गेले होते, आणि कारभार थोरल्या महाराजांच्या राणी मैनाऊसाहेब पाहात होत्या. बाईसाहेब मोठ्या करड्या, परंतु दोन गोष्टींपाशी मऊ: एक सूनबाई चंद्राऊ, दुसऱ्या माहेराहून आंदण आलेल्या पांढऱ्या गाई. त्या गाईंचे खिल्लार वाढोन थोर जाहले, तेव्हा बाईसाहेबांनी नेम केला की राज्यातील गर्भार बायकांस रोज प्रातःकाळी दरवाजापाशी धारोष्ण दूध द्यावे, म्हणजे आचळातून निघाले तसे, कोमट, विस्तव न दाखविता. बायका गडू घेऊन येत आणि आशीर्वाद देऊन जात, आणि बाईसाहेबांस त्या आशीर्वादाचे मोठे समाधान वाटे.

मग त्या साली चैत्राच्या बाजारातून दूर मुलखीच्या काही गाई विकत घेऊन खिल्लारात सोडल्या, आणि भाद्रपदापासून खिल्लारातील गाई दिवस भरण्याआधीच वासरे टाकू लागल्या. खिल्लाराचा नाईक हैबती गवळी याने ती मेली वासरे हाताने ओढून काढिली आणि ओढ्यात टाकिली, आणि वाड्यात शब्द बोलिला नाही. गाई तर पुन्हा खडखडीत जाहल्या, चारा खाऊ लागल्या, दूध देऊ लागल्या. पाहणारास वाटे, आले विघ्न टळले. परंतु कार्तिक महिन्यात ताप आला, तो आधी गवळवाड्यात आणि मग पेठेत. त्याची रीत ऐसी की सांजवेळी चढावा, पहाटे घाम फुटोन उतरावा, चार रोज मनुष्य बरे असावे आणि पुन्हा अंथरुणी पडावे, आणि कंबर व सांधे ऐसे धरावे की तरण्याने काठी घ्यावी. लोकांनी त्यास येरझारीचा ताप म्हटले. त्यात गर्भार बायकांचे गर्भ गळू लागले, आणि मार्गशीर्षात सातव्या महिन्यात चंद्राऊंचाही गर्भ गेला. मुलगा होता. बाईसाहेबांनी सुनेचे मस्तक मांडीवर घेतले, परंतु डोळ्यांतून टिपूस काढिले नाही, कारण राज्य पाहात होते.

मग उपाय आरंभिले. विसाजी वैद्यांनी काढे दिले, जोशांनी ग्रहशांत सांगितली, आणि काही टवाळांनी एका विधवेस चेटकीण ठरवून तिचे घर जाळावयाचे योजिले, त्यांस बाईसाहेबांनी चावडीपुढे फटके मारविले. आणि बायका अशक्त जाहल्या म्हणोन हुकूम केला की दूध दुप्पट द्यावे. ताप दुप्पट जाहला.

त्यात नवल हे की नदीपलीकडे पैलवाडी म्हणोन गाव, तेथे वाड्याचे दूध रोज होडीने जाई, परंतु तेथून तापाची एकही तक्रार आली नाही. कारभारी म्हणाले, "दडवीत असतील. लोक आधी चोर, मग रोगी." बाईसाहेब बोलिल्या, "दडवावयास ताप म्हणजे काय धान्याचे पेव आहे?" आणि पालखी न मागविता होडीत बसोन पैलवाडीस गेल्या. पाहतात तो अंगणोअंगणी पाळणे हालत आहेत. सुंदरा कुंभारीण म्हणोन एक बाई लेकरास पाजीत होती, ती लगबगीने उठू लागली, तिला बसविले आणि पुसिले, "आमचे दूध तुम्हांस पोचत नाही काय?"

"पोचतं की, आईसाहेब. रोज पोचतं."

"मग प्यायला नाहीस?"

सुंदरा खाली पाहू लागली. म्हणाली, "रागवू नका. होडी येईस्तोवर ऊन चढतं, दूध नासायला होतं. म्हणून आम्ही सगळ्याजणी उकळी आणूनच पितो. धारोष्ण पिण्याचं पुण्य आम्हांला न्हाई लाभलं."

बाईसाहेबांनी लेकराचे पाऊल हाती धरिले, पुष्कळ वेळ धरिले, आणि परत होडीत आल्या. तेथून वाड्यात न जाता थेट गवळवाड्यात गेल्या. हैबती तापाने घोंगडीवर पडला होता. पुसिले, "हैबती, गाईंस काय जाहले ते सांग." तो रडोन म्हणाला, "आईसाहेब, वासरं टाकतात. भादव्यापासून. मीच हातानं काढली." पुसिले, "आम्हांस का सांगितले नाही?" तो बोलिला, "गाई तुमच्या माहेरच्या. त्यांचं वंगाळ कुणी बोलायचं? मागं एका पोऱ्यानं गाय लंगडी म्हटली, तर तुम्ही त्याला कामावरून काढलं." हे खरे होते, आणि बाईसाहेबांस ते ठाऊक होते.

दुसरे दिवशी दरबार भरविला. वैद्य उठोन बोलिले, "शास्त्रात धारोष्ण दुधास अमृत म्हटले आहे." बाईसाहेब बोलिल्या, "शास्त्र निरोगी गाईचे बोलते, वैद्यबोवा. आमची गाय निरोगी कोठे आहे?" वैद्य म्हणाले, "तो विचार माझ्या मनी आला नाही. दूध तापवावे, हेच बरे." परंतु कारभारी म्हणाले, "धारोष्ण देणे एकदम बंद करू नये. लोक म्हणतील, सरकारच्या हातून विष गेले." बाईसाहेब बोलिल्या, "गेलेच आहे. त्यांनी म्हणण्याआधी आम्ही म्हणू."

मग दरवाजापाशी स्वतः उभ्या राहिल्या आणि जमलेल्या बायकांस सर्व सांगितले, काही राखिले नाही. साळ्याची सून राजाई, जिचे पोर पोटातच गेले होते, ती पुढे येऊन म्हणाली, "म्हणजे माझं लेकरू तुमच्या दुधानं गेलं?" बाईसाहेब म्हणाल्या, "होय. आणि माझा नातूही." राजाईने हातातला गडू पायरीवर आपटिला. चोपदार धावले, त्यांस बाईसाहेबांनी हाताने थोपविले. राजाई तेथेच बसोन रडली, आणि ती उठोन जाईतो बाईसाहेब उन्हात उभ्या राहिल्या.

मग बंदोबस्त केला तो ऐसा: राज्यात कोणी कच्चे दूध पिऊ नये, उकळी आणूनच प्यावे. टाकलेले वासरू उघड्या हाताने धरू नये, खोल खड्ड्यात चुना घालोन पुरावे. आणि खिल्लार सर्व डोंगरावर कुंपण करून वेगळे ठेवावे, त्यात वळू सोडू नये. शेजारच्या राजाने निरोप पाठविला की गाई देखण्या आहेत, आम्हांस द्याव्या. भटांनीही गोदान मागितले. बाईसाहेबांनी दोघांस उत्तर दिले की, "या गाई विकत नाहीत आणि दानही नाहीत. आमचे दुखणे आमच्या डोंगरावर मरेल." चंद्राऊंस हे सर्व सासूने आपल्या तोंडाने सांगितले. त्या सहा महिने बोलिल्या नाहीत, आणि बाईसाहेबांनी बोलण्याचा आग्रह धरिला नाही. हैबती वाचला, परंतु कंबर वाकली ती वाकलीच. गाई डोंगरावर एकेक करून म्हाताऱ्या होऊन मेल्या, आणि ताप हळूहळू राज्यातून गेला.

त्या तापाच्या पुढील साली श्रावणात दरबार चालला असता गोंदा नावाचा धनगर चिखलाच्या पायांनी गालिच्यावर धावत आला आणि ओरडला, "सरकार, माझी मेंढी मेली! नाकातनं काळं रक्त आलं!" मानकरी हसू लागले की एका मेंढीसाठी दरबार मोडला. तो मैनाऊसाहेब गादीवरून उठल्या, गालिच्यावरच्या चिखलातून त्याजपाशी गेल्या आणि पुसिले, "हात कोणी लाविला? कातडे सोलिले काय?" तो म्हणाला, "न्हाई. आधी तुम्हांलाच सांगाया आलो." त्यास त्यांनी आपल्या अंगावरची शाल दिली. मेंढी न सोलता पुरली, आणि त्या साली मनुष्य एकही दगावले नाही.

येणेप्रमाणे हकीकत समाप्त. तात्पर्य इतकेच की गोठ्यातले दुखणे उंबरठा ओलांडून घरात येते, आणि ते सांगावयास येणारास दार उघडे असावे. इति.