दही राहिलं ते

निमखेड नगरपरिषदेच्या हद्दीत इंग्रजीतला पास्ट परफेक्ट हवा असेल, तर घडून गेलेल्या घटना खिडकीवर प्रत्यक्ष हजर कराव्या लागतात. साधा भूतकाळ कुणीही वापरावा, त्याला आडकाठी नाही. पण दोन गोष्टी घडल्या असतील आणि त्यांतली एक दुसरीच्या आधीच उरकली असेल, तर त्या आधीच्या गोष्टीला हा काळ मिळतो. पूर्वी लोक तो वाटेल तिथे लावत सुटायचे. कुणी नुसता जेवला तरी लावायचा. म्हणून खिडकी आली.

हेमलता दुधाणे शनिवारी सकाळीच तिथे पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी मँचेस्टरहून नातवाचा व्हिडिओ कॉल यायचा होता. नीलला मराठी येत नव्हतं, आणि मागच्या वेळी त्यानं इंग्रजीत सरळ विचारलं होतं, की आई गाव सोडून निघाली तेव्हा आजी, तू स्टँडवर का आली नाहीस? मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईनं, मृणालनं मान फिरवली होती. लेकीनं परदेशी नोकरीला जाऊ नये म्हणून हेमलताबाईंनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. निघताना आईनं हातावर दही घातलं नाही, हे मृणालनं बारा वर्षं मनात धरलं होतं. या विषयाला मराठीतून हात लावायचा नाही, असं दोघींचं न बोलता ठरलेलं होतं. आता पोरानं इंग्रजीत विचारलंय, तर उत्तर इंग्रजीतच आणि बिनचूक द्यायचं, असा हेमलताबाईंनी चंग बांधला.

"घटना आणल्यात?" खिडकीतल्या डावखऱ्यांनी विचारलं.

"आणल्यात की. एक बाहेर आहे, ती आत मावेना."

बाहेर आवारात बस सुटत होती. सुटायची आणि पुन्हा सुटायची, कारण घटना म्हणून तिला तेवढंच येत होतं. दुसरी घटना बाकावर बसली होती. ती म्हणजे हेमलताबाईंचं स्टँडवर पोहोचणं. तिला धाप लागली होती, एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि हातात दह्याची वाटी होती.

"सोपं आहे," डावखरे म्हणाले. "तुम्ही पोहोचलात त्याआधीच बस गेलेली. काळ बसला देतो. पण ही तिसरी कोण?"

दाराशी भिंतीकडे तोंड करून एक घटना बसली होती. अंगात गाऊन, केस विस्कटलेले.

"ती माझ्याबरोबर नाही," हेमलताबाई घाईनं म्हणाल्या.

"तुमच्यासारखीच दिसते."

"माझ्यासारख्या गावात पुष्कळ आहेत."

डावखऱ्यांनी तिलाच विचारलं. "मी ओट्याशी बसून राहिले, रागानं," ती भिंतीलाच म्हणाली. "लेक दारात उभी होती. मी उठले नाही. ती गेल्यावर मग दही आठवलं."

"मग सगळ्यांत आधीची हीच," डावखरे म्हणाले. "घरटी एकच काळ मिळतो, बाई. हिला परत पाठवलंत तर बसला देता येईल. तसं नियमात बसतं. घटना तुमच्या, कोणत्या हजर करायच्या ते तुम्ही ठरवा."

हेमलताबाईंनी बाहेर पाहिलं. बस बिचारी पुन्हा सुटली. तिच्यावर ढकललं तर नीलला पटेल. मृणालला नाही पटणार, बस वेळेवरच सुटली होती हे तिला ठाऊक होतं. हेमलताबाईंना लाज वाटली. मग स्वतःचा असा संताप आला, की त्यांनी पदर खोचला.

"हिलाच द्या."

"विचार करा. एकदा दिला की परत घेत नाही. गोष्ट पुरती झाली असं धरलं जातं."

"तेच हवंय मला. किती वर्षं बसायचं तिनं तिथे?"

डावखऱ्यांनी काळ दिला. दाराशी बसलेली उठली, तिनं गाऊन नीट केला आणि कुणाकडे न बघता निघून गेली. आवारात बसचं इंजिन बंद झालं. बाकही रिकामा झाला, वाटी तेवढी उरली.

"ती घेऊन जा," डावखरे म्हणाले. "इथे मुंग्या होतात."

रविवारी कॉल आला. हेमलताबाईंनी आधी राग सांगितला, त्याला तो काळ लावला. मग पळत स्टँडवर जाणं आणि रिकामा फलाट, ते साध्या भूतकाळात भागलं. नील "ओके" म्हणाला आणि खेळायला पळाला.

मृणाल पुढे आली. तिनं उजवा तळहात पसरून पडद्याजवळ धरला. हेमलताबाईंनी वाटीतलं चमचाभर दही त्यावर घातलं.

मृणालनं ते चाटलं. "आंबट झालंय गं."

"होणारच," हेमलताबाई म्हणाल्या. "जपून जा."

"येते, आई," मृणाल म्हणाली, आणि त्यानंतर दोघी बराच वेळ मराठीत बोलत बसल्या.